घरातली बुर्जी

॥ श्री ॥

टेमघर, भिवंडी
१४ जानेवारी २०२५

चि. शार्दूल यास भाऊंचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड आणि चॉकलेटचा डबा पोचला. डबा तुझ्या वरदमामाने दोन दिवसांत अर्धा केला, उरलेला मी कपाटात कुलपात ठेवला आहे. आज संक्रांत. तिळगूळ पोस्टाने पाठवावा तर तुमच्याकडचे कस्टमवाले त्यात काय दडवलंय ते फोडून बघतात, म्हणून या कागदावरूनच घे आणि गोड बोल.

वरद म्हणतो, भाऊ, नातवाला पत्रं कसली लिहिता, व्हिडिओ कॉल करा. त्याला काय सांगू? शेजारच्या लूमने जन्मभर खडखडाट करून माझे कान खाल्ले. कॉलवर तुझे ओठ हलताना दिसतात, मी हसून मान हलवतो आणि नंतर कळतं की तू आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होतास. त्यापेक्षा पत्र बरं. तुझं मराठीही याच पत्रांवर पोसलं आहे. म्हणूनच तू कोर्टाच्या कारकुनासारखं लिहितोस, असं वरदची ओवी चिडवते.

परवा अंजूरहून केसरीनाथ आला होता. आम्ही दोघं अजून जुन्या कायद्यानेच बुद्धिबळ खेळतो. त्याला दर वेळी तुझी तीच गोष्ट ऐकायची असते. आठ वर्षांचा तू, विंटरथूरमधली तुझी पहिली स्पर्धा, आणि तू राजाला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायला लावलीस. आमच्या कायद्यात राजाला डावात एकदा ती मुभा असते, ती तिकडच्या पंचांना कुठून ठाऊक असणार? अख्खं सभागृह हसलं आणि तू रडत राहिलास की भाऊंनी असंच शिकवलंय. तिथून तू स्वित्झर्लंडचा कुमार विजेता झालास, मास्टर झालास, ग्रँडमास्टर झालास. टेमघरच्या नाक्यावर बॅनर लागला होता, ‘भिवंडीचा नातू’ म्हणून. त्यात माझा फोटो तुझ्यापेक्षा मोठा होता, हे मी अजून कुणाला विसरू दिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. मार्चमध्ये तुमच्याकडे जी दहा जणांची स्पर्धा आहे तिचं बोलावणं ओवीला आलंय, हे तुला माहीत आहेच. वेळापत्रकही आलं. शेवटची फेरी तुझी आणि तिची. पोरीचे इंटरनॅशनल मास्टरचे दोन नॉर्म झाले. या स्पर्धेत ठरलेले गुण मिळाले की तिसरा होईल आणि किताब मिळेल. दोन वर्षं ती या तिसऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन अडखळते आहे. दर वेळी अर्ध्या गुणाने. दर वेळी घरी येऊन दोन दिवस जेवत नाही, आणि वरद दाराबाहेर ताट घेऊन उभा असतो.

बुर्जी तुला आठवते ना? एकाची सगळी मोहरी मेली, नुसता राजा आणि प्यादी उरली, की डाव बुर्जी. जिंकणाऱ्याला अर्धं यश आणि हरणाऱ्याची लाज झाकलेली. आपल्या घरात रीतच होती, घरच्या माणसाशी डाव बुर्जीवर सोडून उठायचं, मात करायची नाही. मी कोर्टात नोकरीभर भावाभावांचे दावे पाहिले. जे तडजोड करून आले ते पुढे एकमेकांच्या लग्नाकार्याला गेले. जे निकालापर्यंत भांडले ते गेले नाहीत.

तेव्हा एवढंच कर. शेवटच्या फेरीला ओवीला अर्धाच गुण पुरत असेल, तर तो तिला दे. तिला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. ती हट्टी आहे, डोकं फिरवून घेईल. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

तुझ्या आईला आशीर्वाद. तिने गुडघ्याला तेल लावावं. लोभ आहेच, तो तिळगुळासारखा चिकटून राहो.

तुझा आजोबा,
भाऊ

—

विंटरथूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊंस शार्दूलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपले पत्र दाखल झाले. इकडील सर्व क्षेम आहे. आईचा गुडघा वाकतो, पण ती वाकवत नाही. ओवीला सांगावे की कारकुनी मराठी हा माझा वारसा आहे आणि सदरहू वारशावर तिचा हक्क नाही.

आपण बॅनरचे लिहिलेत म्हणून थोडे खरे लिहितो. ग्रँडमास्टर म्हणजे रविवारी पहाटेची रेल्वे धरून दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन खेळणारा माणूस. बुधवारी मी शाळेच्या जेवणघरात मुलांना शिकवतो. तिथे सूपचा वास येतो आणि दोन मुले उंट तोंडात घालतात. किताब मिळून दहा वर्षे झाली. या दहा वर्षांत देशाच्या संघात मी फक्त राखीव राहिलो. राखीव म्हणजे इतर खेळत असताना त्यांचे कोट सांभाळणारा. तिसाव्या वर्षी त्याचे हसू यायचे. आता तेहतिसाव्या वर्षी येत नाही.

या वर्षी संघात एक जागा रिकामी आहे. मी आणि एक एकोणीस वर्षांचा मुलगा, या स्पर्धेत जो वर राहील त्याला ती मिळेल. म्हणून सदरहू अर्धा गुण मलाही लागू शकतो, हे आपल्या माहितीसाठी लिहितो. तक्रार म्हणून नव्हे.

भाऊ, डाव आधी ठरवून मी कधी पटावर बसलेलो नाही. दोघातिघांनी विचारले होते, मी नाही म्हणालो, आणि त्यातला एक जण अजून मला स्पर्धेला बोलावत नाही. पण पटावर मोहरी मांडायला तुम्ही शिकवलेत. तुम्ही मागितलेत, तर नाही कसे म्हणू? शब्द देतो. ओवीला अर्ध्याची गरज असेल, तर माझ्याकडून अर्धा मिळेल. तिच्यापासून लपवायचे, हे तेवढे मला आवडलेले नाही.

आपला लोभ आजवर मिळाला, तसाच पुढे चालू राहावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
शार्दूल

—

टेमघर, भिवंडी
३१ मार्च २०२५

शार्दूल,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहिलेला नाही.

काल पाडवा होता. गुढी उभारली, श्रीखंड झालं, वरदने तुमचा डाव टीव्हीवर लावला. केसरीनाथ कैऱ्यांची पिशवी घेऊन अंजूरहून मुद्दाम आला. आदल्या दिवशीच कळलं होतं की ओवीला अर्धा गुण पुरतो. सगळे जीव मुठीत धरून बसले होते, एकटा मी निवांत. केसरीनाथला कानात सांगितलं की अर्धा आपल्या खिशात आहे. तो म्हणाला, आपला पोर हाय, न्हाय कशाला बोलंल.

आणि तू खेळत राहिलास. तास गेला, दोन तास गेले. मला वाटलं, दिखाव्यासाठी खेळतोय, आता थांबेल. घोडे गेले, हत्ती गेले, तरी थांबला नाहीस. तिचं शेवटचं प्यादं उरलं होतं शार्दूल, तेही मारलंस. मग तिने राजा आडवा केला. वरद उठून गॅलरीत गेला. श्रीखंड तसंच राहिलं.

संध्याकाळी स्पर्धेच्या वेबसाइटवर आलं की तुझी संघात निवड झाली. वरद भोळा, म्हणाला, चला, घरात काहीतरी चांगलं झालं. कोट सांभाळायचा कंटाळा आला होता ना तुला? तसं स्पष्ट लिहायचं होतंस. म्हातारा दोन दिवस रुसला असता आणि गप्प बसला असता. पण शब्द दिलास, आणि पोरीला खिंडीत गाठून तो मोडलास. परक्याने केलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तू केलंस. तुला राजाची उडी शिकवणारा मी, माझ्याच घरात तू उडी मारलीस.

तू पाठवलेला लाकडी पट मी केसरीनाथला देऊन टाकला आहे. यापुढे पत्र पाठवू नकोस.

भाऊ

—

विंटरथूर
१६ एप्रिल २०२५

ती. भाऊंस शिरसाष्टांग नमस्कार.

आपला निकाल मिळाला. अपील करायचे नाही.

एकच विनंती आहे. याबद्दल ओवीला काही विचारू नये आणि सांगूही नये. मी यापुढे पत्र लिहू नये असे आपण म्हटले आहे, ते मी पाळतो. पण आपण एवढे पाळावे.

आईला मी काही बोललेलो नाही. तिच्यावरचा लोभ कमी करू नये.

शार्दूल

—

टेमघर, भिवंडी
५ मे २०२५

चि. ओवी हीस भाऊंचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू स्वित्झर्लंडहून परस्पर बुडापेस्टला गेलीस, ते बरं केलंस. तिथे दर महिन्याला स्पर्धा असतात, असं वरद सांगतो. तो फोनवर तुझ्याशी बोलतो आणि मला पाटीवर लिहून दाखवतो. काल त्याने लिहिलं, ओवी ठीक, भात करपवला. यावरून मला जेवढं कळायचं तेवढं कळलं.

इथे उन्हाने जीव नको केलाय. लूम दोन शिफ्टमध्ये चालतात, रस्त्याला मानकोलीपर्यंत ट्रकांची रांग असते. तू म्हणायचीस की लूमचा आवाज नसला की तुला खेळी सुचत नाही. तिकडे फार शांतता असेल तर खिडकी उघडी ठेवत जा.

पोरी, त्या शेवटच्या डावाचं तू मनाला लावून घेऊ नकोस. तू हरलीस ती खेळात हरली नाहीस. महिनाभर हे पोटात ठेवलं, आता ठेववत नाही. तो डाव बरोबरीत सुटायचा होता. शार्दूलने मला तसा शब्द दिला होता, त्याच्या अक्षरात माझ्याकडे आहे. मीच मागितला होता, तुझ्यासाठी. संघातल्या खुर्चीसाठी त्याने तो मोडला. वर मलाच लिहितो की ओवीला सांगू नका. सांगू नको म्हणणाऱ्याच्या पोटात काय असतं, ते कोर्टात मी खूप पाहिलं आहे. तुला कळायला हवं की तुझा आतेभाऊ कसा माणूस आहे.

वेळेवर जेव. पाटीवरच्या दोन शब्दांनी माझं भागत नाही, सविस्तर लिही. तुझ्यावरचा लोभ माझ्या श्वासाएवढाच आहे, राहील तोवर राहील.

तुझे,
भाऊ

—

बुडापेस्ट
२४ मे २०२५

ती. भाऊंस नमस्कार.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, माझाच काहीतरी घोळ होतोय.

आता माझं ऐका. त्या डावात मी एक प्यादं वर होते. शार्दूलदादा खूप वेळ विचार करत बसला, मग एक खेळी केली आणि हळूच बरोबरी विचारली. मी नाही म्हटलं. मान वरसुद्धा केली नाही. मला अर्धा पुरत होता, हे मला काय माहीत नव्हतं? पण भाऊ, ग्रँडमास्टर, आपल्या घराण्याचा बॅनरवाला ग्रँडमास्टर, माझ्यासमोर प्यादं खाली होता आणि अर्ध्या गुणावर सोडू या म्हणत होता. मला वाटलं तो घाबरला. मी मनात म्हटलं, बस अब, आज पूर्ण घेते. दोन वर्षं अर्ध्या अर्ध्यासाठी भीक मागितल्यासारखी खेळले होते. त्या दिवशी पहिल्यांदा भीक नाकारली.

तो हसला होता. तेही मला घाबरल्याचंच वाटलं. त्यानंतर तो जे खेळला, तसं मी समोर बसून कधी पाहिलेलं नाही. मी हरले, रडले, पण आतून ताठ होते. रूमवरच्या मुलींना मी हेच सांगत आलेय, नॉर्म गेला पण मी ग्रँडमास्टरला नाही म्हटलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही ओरडला असतात. नेटवर नुसत्या खेळ्या दिसतात, कुणी बरोबरी विचारली, कुणी नाकारली, ते दिसत नाही. म्हणून तुम्हाला कळलं नाही.

आता कळलं ना? त्याने तुमचा शब्द पाळला. संघातली खुर्ची पणाला लावून पाळला. आणि मी नाकारलेला तो अर्धा गुण माझ्या खेळाने मिळवलेला नव्हता, तुम्ही पोस्टाने मागवलेला होता. तो मला घाबरलाच नव्हता. माझ्याकडे त्या डावातलं एवढंच उरलं होतं भाऊ, तेही तुम्ही पत्र लिहून काढून घेतलंत.

मला राग हरल्याचा नाही. तुम्ही मला लहानपणापासून म्हणत आलात की पोरी, तू कुणाला हार जाणार नाहीस. आणि तुमच्या मनात काय होतं, की ही एकटी जाऊन अर्धा गुणसुद्धा आणणार नाही. बाहेरच्या कुणी हे म्हटलं असतं तर मी त्याला दाखवून दिलं असतं. तुम्हाला काय दाखवू? माझा डाव मला न विचारता तुम्ही दोघांनी वाटून घेतलात, आणि मी वेडी तिथे खरंच खेळत बसले होते.

पप्पांना काही बोलू नका. ते दाराशी ताट घेऊन उभे राहतील आणि मी इथे आहे.

ओवी

—

टेमघर, भिवंडी
१० जून २०२५

चि. शार्दूल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओवीचं पत्र आलं. तू बरोबरी विचारली होतीस, तिने नाकारली. हे एक वाक्य तू एप्रिलमध्ये लिहिलं असतंस, तर मी तुला तसलं काही लिहिलं नसतं, तिला काही कळवलं नसतं. का लिहिलं नाहीस? मी शिव्या दिल्या आणि तू गप्प राहून घेतल्यास. मला विश्वासघातकी ठरवायला सोपा एक नातू होता, तोही तू खोटा पाडलास. आता हा राग कुणावर काढू?

केसरीनाथकडून पट परत आणला. तो म्हणाला, मला ठावं होता. काय ठावं होतं, ते विचारायचा मला धीर झाला नाही. मी चुकलो रे पोरा. ओवीला मी काही लिहिलं तरी ती आता उत्तर देणार नाही. तू तिला समजावशील का? तिच्यासाठीच केलं, हे तिला सांग.

लोभ ठेव असं मी म्हणणं शोभत नाही, तरी म्हणतो.

भाऊ

—

विंटरथूर
१ जुलै २०२५

ती. भाऊंस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पट परत आला, आनंद झाला. उंटाचे एक टोक घासलेले आहे, तो केसरीनाथांचा दोष नाही, पहिल्यापासून तसाच आहे.

आपण विचारता, का लिहिले नाही. मी लिहिले असते तर आपण ओवीला सांगितले असते, आणि तिला कळले असते की तिने नाकारलेला अर्धा आपला होता. त्या दिवशी तिच्याजवळ ते ‘नाही’ एवढेच उरले होते. घरच्या माणसाचे शेवटचे उरलेले मारायचे नाही, हे मी आपल्याकडूनच शिकलो. आपले शिव्यांचे पत्र मला सहन करता येत होते. पण ते पुढे तिला सांगू नका म्हटले, आणि आपण नेमके तेच केलेत. तेव्हा मात्र मला ते सहन होईना.

ती नाही म्हणाली तेव्हा मी हसलो. मला फार आनंद झाला होता भाऊ. मी शब्दातून सुटलो होतो. मग मी खेळलो, आणि माझ्या सगळ्या आयुष्यात इतका चांगला डाव माझ्याकडून झालेला नाही. असा डाव झाला की मी आपल्याला खेळ्या लिहून पाठवत आलो आहे, आठव्या वर्षापासून. हाच एक पाठवता आला नाही.

संघातली जागा मी सोडली. ओवी हो म्हणाली असती तर ती जागा त्या मुलाची होती. जो डाव मी ठरवून बसलो होतो, त्याच्या जोरावर संघात बसायला मन होईना. समितीला पाठदुखीचे कारण कळवले आहे. आई समजते की पाठच दुखते आणि तेल लावायला सांगते. पुन्हा जागा रिकामी होईल तेव्हा मी सदतीस-अडतीसचा असेन.

ओवीला मी समजावणार नाही. ती बरोबर आहे. आपण तिच्यासाठी केलेत हे मला ठाऊक आहे. पण माझ्याकडे मागितलेत तेव्हा मी कुणासाठी काय सोडतो आहे, ते मी आपल्याला लिहिले होते. त्या ओळीचे उत्तर आपण कधी दिले नाहीत.

लोभ आहे, म्हणूनच एवढे लिहिले.

आपला,
शार्दूल

—

२२ ऑगस्ट २०२५

ती. भाऊंस नमस्कार.

पप्पांनी पाटीवर लिहून दाखवलं असेल, तरी मी लिहिते. तिसरा नॉर्म झाला. मी इंटरनॅशनल मास्टर झाले. स्पर्धा कुठली, केव्हा सुरू झाली, हे मी घरी कुणालाच कळवलं नव्हतं. पप्पांनाही नाही, कारण त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं. यापुढे असंच असेल. संपलं की कळवीन.

शार्दूलदादाचा फोन आला होता. तुमच्याबद्दल एक शब्द बोलला नाही. त्या डावातली माझी चूक कुठे झाली ते त्याने तासभर समजावलं आणि शेवटी म्हणाला की सदरहू खेळाडू घाबरण्यासारखी आहे. मी हसले. मग फोन ठेवल्यावर विचार करत बसले की हे त्याला कुणी बोलायला सांगितलं असेल का.

तेच तुम्हाला सांगायचं आहे. या वेळीही शेवटच्या फेरीला मला अर्धाच लागत होता. समोर एक वयस्कर हंगेरियन मास्टर होते, कान तुमच्यासारखेच, पंचांचं बोलणं हात लावून ऐकणारे. डाव अगदी समसमान होता, कुणालाच काही मिळण्यासारखं नव्हतं. त्यांनी बरोबरी विचारली. मी हो म्हटलं, हात मिळवला, आणि ज्यासाठी मी तीन वर्षं झिजले ते झालं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. मनात एकच आलं, यांना भिवंडीहून पत्र गेलं असेल का?

लोभ माझ्याकडून गेलेला नाही, जात नाही. पत्ता मुद्दाम लिहिलेला नाही.

ओवी